तात्या गिझर घेतात

आमच्या शेजारचे तात्या कुणाच्याही घरी गेले, की बैठकीत टेकायच्या आधी बाथरूममध्ये शिरतात. पोटाची तक्रार वगैरे काही नाही. आत जाऊन ते नळाच्या तोटीवरून अंगठ्याचं नख फिरवतात, नखात आलेली पांढरी पूड डोळ्यांजवळ नेऊन बघतात, भिंतीवरच्या गिझरला दोन टिचक्या मारून कान देतात आणि मग बाहेर येऊन यजमानांना विचारतात, "पाणी कुठलं? कॅनॉलचं का हिरीचं?"

उत्तर काहीही येवो, तात्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "ह्यात कायतरी हाय."

दिवाळी झाल्यावर आमच्या ओळीतल्या एका घराची वास्तुशांत होती. पंगत बसलेली, बुंदी वाढून झालेली आणि तात्यांचं ताट तसंच. घरमालक शोधत वरच्या मजल्यावर गेले, तर तात्या नव्या कोऱ्या बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर उभे होते आणि गिझरच्या पाठीमागं डोकावत होते.

"तात्या, जेवायला चला."

"जेवतो की. पर ह्याची मागची बाजू बघितलीया का तुमी? पुढनं काय, सगळेच गोरे असत्यात."

घरमालकांना त्या दिवशी बुंदी गोड लागली नाही. पाहुणे गेल्यावर ते स्वतः बादलीवर चढून गिझरच्या मागं बघत होते, असं त्यांच्या बायकोनं माझ्या बायकोला, वैशालीला, सांगितलं. संशय हा सर्दीसारखा असतो. तात्या एकदा तुमच्याकडं शिंकून गेले की आठवडाभर तुमचं नाक वाहतं.

बारामतीहून काटेवाडीकडं जाताना उसाच्या रानाला लागून आमचं प्लॉटिंग आहे. मी मूळचा इंदापूरचा. कामाला लोणी देवकरच्या एमआयडीसीत. वैशाली बारामतीत एका दवाखान्यात नर्स. दोघांना सोयीचं म्हणून आम्ही इथं घर बांधलं. तात्यांनी आमच्या आधी बांधायला काढलं होतं. त्यांच्या प्लॉटात जुनी विहीर होती, आणि नळाचं पाणी आमच्या ओळीपर्यंत अजून यायचं होतं. तात्यांनी आपणहून मला त्यांच्या विहिरीवरून पाइप टाकू दिला. टाकू दिला, पण पाइप टाकणाऱ्या माणसाच्या शेजारी दिवसभर खुर्ची टाकून बसले. त्यांनी आपल्याच विहिरीत वाकून वाकून इतक्या वेळा बघितलं, की त्यांच्या बायकोला, सुमनकाकींना, त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून बसावं लागलं.

विहिरीला पाणी भरपूर, पण जड. चहावर साय यावी तसा पांढुरका तवंग यायचा. साबणाला फेस नाही. डाळ शिजता शिजत नाही. नव्या घरातली नवी भांडी महिनाभरात चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली. असल्या पाण्याला अंघोळीसाठी काय घ्यावं, हा प्रश्न दोन्ही घरांना पडला. विजेचा गिझर घ्यावा तर आतल्या कॉईलवर क्षार बसून ती जळते. सोलर घ्यावा तर नळ्या तुंबतात. गॅसचा घ्यावा तर बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो म्हणतात. मी एका रविवारी जाऊन कुठला तरी एक उचलून आणणार होतो. वैशालीनं अडवलं.

"थांबा जरा. तात्या एवढं बघतायत. त्यांचा ठरला की तोच आपण घेऊ."

तिला वाटलं आठवडाभरात ठरेल. मग थंडी पडली. मग थंडी वाढली. आणि दोन्ही घरांत गॅसवर पातेली तापत राहिली.

तात्यांचा स्वभाव समजायचा तर त्यांची नोकरी समजायला पाहिजे. ते एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. सगळं आयुष्य त्या काचेच्या खोलीत गेलं. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आत तात्या. उसाचं वजन वाढावं म्हणून भरलेल्या ट्रॉलीचं वजन घेताना ट्रॅक्टरवर चार माणसं बसलेली असायची आणि रिकाम्या ट्रॉलीच्या वेळी ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून तंबाखू मळत उभा असायचा. उसाच्या मोळ्यांत दगड निघायचे, एकदा जात्याची तळी निघाली. त्यामुळं तात्या समोरच्या माणसाकडं बघत नाहीत, त्याच्या मागं काय लपलंय ते बघतात. आणि गंमत म्हणजे, बाहेरच्या प्रत्येकाला वाटायचं की काटा तात्याच मारतात. म्हणजे ते सगळ्या तालुक्यावर संशय घेत बसले होते आणि सगळा तालुका त्यांच्यावर.

असा माणूस गिझर घ्यायला निघाला.

बारामतीत शकूरभाईंचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. वडिलांपासून चालत आलेलं, पंखे, पंप, वायर, गिझर. शकूरभाई पन्नाशीचे, गोरे, स्थूल आणि इतके शांत, की दुकानात दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली तर ते दोघांसाठी चहा सांगतात. तात्या पहिल्यांदा गेले तेव्हा मी सोबत होतो. तात्यांनी खिशातून एक बाटली काढून काउंटरवर ठेवली.

"काय आहे?" शकूरभाईंनी विचारलं.

"आमच्या हिरीचं पाणी. ह्याला चालंल असा गिझर दाखवा."

शकूरभाईंनी बाटली उजेडात धरली, मान हलवली आणि एक गिझर खाली काढला. "हा बघा. टाकीला आतून काचेचा लेप आहे. टाकीची गॅरंटी पाच वर्षं."

"आन् कॉईलची?"

"दोन."

"म्हंजी कंपनीलाच तिच्यावर भरवसा न्हाय."

"तात्या, कॉईल झिजणारी वस्तू आहे."

"मग ती गॅरंटी कशाची देत्यात? झिजायची?"

शकूरभाई हसले आणि त्यांनी चहा सांगितला. तात्यांनी चहा घेतला, पण आधी वास घेऊन.

तेव्हापासून तात्या एक दिवसाआड दुकानात जायला लागले. शकूरभाईंनी त्यांच्यासाठी काउंटरजवळ एक स्टूल राखून ठेवलं. एकदा शकूरभाई म्हणाले, बाटली ठेवून जा, कंपनीचा माणूस येणार आहे, तो क्षार मोजून सांगेल. तात्या बाटली ठेवून आले आणि त्यांना घरी चैन पडेना. दुसऱ्या दिवशी गेले तर बाटली जागेवर होती. तात्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"हे आमचंच पाणी हाय कशावरनं?"

शकूरभाईंनी चष्मा काढून ठेवला. "तात्या, मी तुमचं पाणी बदलून काय करू? त्याची भजी तळू?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तात्या हसले नाहीत. पण पुढच्या वेळी त्यांनी बाटलीच्या गळ्याला काकींच्या शिवणातला हिरवा दोरा बांधून नेला.

मधल्या काळात त्यांच्या घरात प्रयोग सुरू झाले. काकींची पाच पातेली परसात ओळीनं मांडली गेली. एकात विहिरीचं पाणी, एकात कॅनॉलचं, एकात विकतच्या जारचं, एकात माझ्या इंदापूरच्या घरून आणवलेलं, आणि एकात विहिरीचंच पण तुरटी फिरवलेलं. रोज ती आटवायची आणि बुडाशी बसलेला क्षार खरवडून बघायचा. काकी कुंपणापाशी येऊन वैशालीला म्हणायच्या, "पाची पातेली ह्यांच्या शाळेत गेल्यात बघ. अंघोळीच्या पाण्याचं पातेलं सोडलं तर एक तवा राहिलाय मला. त्याच्यावरच भाकरी, त्याच्यावरच कालवण." तक्रार अशी, पण आवाजात तक्रार नसायची. काकी अंगानं बारीक, बोलायला गोड. एकुलती एक मुलगी लग्न होऊन नाशिकला. घरात ही दोघंच.

एक दिवस टाय लावलेला एक विक्रेता आमच्या ओळीत आला. पाण्याचा क्षार काढायचं यंत्र विकत होता. हे बसवा, गिझर वीस वर्षं टिकेल म्हणे. त्यानं तात्यांच्या ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात त्याच्या बाटलीतलं शुद्ध पाणी, दुसऱ्यात विहिरीचं. दोन्हीत तारा सोडल्या आणि बटण दाबलं. विहिरीचं पाणी बघता बघता गढूळ तपकिरी झालं, त्याच्यावर घाण तरंगायला लागली. शुद्ध पाणी होतं तसंच. वैशालीनं तोंडावर हात घेतला. आपण हे पितो?

तात्या ग्लासाकडं बघत नव्हते. ते त्या माणसाकडं बघत होते. मग आत जाऊन ते चिमूटभर मीठ घेऊन आले आणि त्याच्या शुद्ध पाण्यात टाकलं.

"आता दाब."

"काका, तसं करायचं नसतं."

"मीठच हाय. रोज खातो आमी. दाब."

त्यानं दाबलं. शुद्ध पाणीसुद्धा तपकिरी झालं, आमच्यापेक्षा जास्त. विक्रेत्यानं तारा गुंडाळल्या. तात्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांना इतकं सुखी तोपर्यंत बघितलं नव्हतं. "ह्यात कायतरी हाय, म्हनलं न्हवतं?" असं ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. शकूरभाईंना तर दोनदा सांगितलं.

पण सगळ्याच वेळी तात्या बरोबर निघत असं नाही. सोलरचं बघायला मी त्यांना मोटरसायकलवर भिगवणला नेलं होतं. तिथं हायवेला माशांचं जेवण देणारी एक खानावळ आहे. तिच्या छतावर मोठा सोलर बसवलाय, आणि पाणी तिथलंही जडच. मालक आमच्या कंपनीतल्या एका मित्राचा भाऊ. त्यानं कौतुकानं बसवलं, तळलेली चिलापी समोर आणून ठेवली. तात्यांनी माशाच्या डोळ्यात डोळा घातला.

"हा आजचा न्हाय."

"तात्या, सकाळी धरणातनं आलाय."

"सकाळी आला आसंल. मेला कवा?"

मालक गडबडला. मग तात्यांनी सोलरचं विचारलं. मालक म्हणाला, एक नंबर आहे, काहीच त्रास नाही. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की बघ, कसा शिकवून ठेवलाय कंपनीनं. मालकाला वाईट वाटलं. तो म्हणाला, "खरं सांगू का, नळ्यांत क्षार साठतो. दर काही महिन्यांनी ॲसिड घालून धुवावं लागतं. गेल्या वर्षी एक नळी फुटली. ढग आले की पाणी थंड."

तात्या एकदम सैल झाले. "आता कसं! खरा माणूस हाय ह्यो." आणि त्यांनी सगळा मासा काटे चोखून खाल्ला. परत येताना मागं बसून मला समजावत होते, "संजय, आपल्या मालाला जो नावं ठिवतो ना, त्याच्यावर भरवसा टाकायचा. काट्यावर एखादा म्हणायचा, तात्या, मोळ्यांना चिखूल लागलाय, तेवढं धरा. त्याची ट्रॉली मी डोळं झाकून सोडायचो."

"मग सोलर घ्यायचा का?"

"आरं, तोच म्हनला की नळी फुटती म्हणून!"

एकूण असं झालं होतं. जो माल चांगला म्हणायचा तो माणूस खोटा, आणि जो खरं बोलायचा त्याचा माल वाईट. अशा तऱ्हेनं सगळी थंडी चालली होती. गॅसचा गिझर बंद खोलीमुळं गेला, सोलर नळ्यांमुळं गेला, विजेच्या गिझरांपैकी कुणाची कॉईल तांब्याची होती म्हणून गेली, कुणाची नव्हती म्हणून गेली. "बघू, घाई कुणाला हाय?" असं म्हणून तात्या पुन्हा बाटली भरायचे.

घाई मला होती. पहाटे कंपनीची बस यायची आणि मी अर्धवट गरम पाण्यानं कुडकुडत अंघोळ करायचो. वैशाली म्हणायला लागली होती, "जाऊ दे, आपण आपलं घेऊ." मी म्हणायचो, आता इतके दिवस थांबलो तर अजून थोडं. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं की तात्यांच्या चाळणीतून अखेर काय पडतं.

संक्रांत झाल्यानंतरची गोष्ट. मला सुट्टी होती. सकाळी उन्हात पेपर वाचत बसलो होतो, आणि तात्यांच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकींचा आवाज. ओरडणं नव्हतं ते. दाबून धरलेला, चिरका असा आवाज होता.

आम्ही दोघंही धावलो. काकी नेहमीप्रमाणं उकळतं पातेलं फडक्यानं धरून स्वयंपाकघरातून बाथरूमकडं चालल्या होत्या. तात्यांच्या अंघोळीचं पाणी. नव्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकला. सगळं पाणी डाव्या पायावर. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पातेलं लांब जाऊन पडलं होतं आणि तात्या हातात टूथपेस्टची ट्यूब घेऊन उभे होते. झाकण उघडायचं त्यांना सुचत नव्हतं. नुसते ट्यूब दाबत होते.

"ते लावू नका!" वैशाली ओरडली. "आधी थंड पाणी. पाइप आणा!"

मी परसातला पाइप खेचून आणला. वैशालीनं काकींचा पाय विहिरीच्या गार धारेखाली धरला. काकी डोळे मिटून बसल्या होत्या. तात्या पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी म्हनलं हुतं, गार पाण्यानं करतो. म्हनलं हुतं का न्हाय? सुमन, म्हनलं हुतं का न्हाय?"

काकी म्हणाल्या, "व्हय, म्हनला हुता. आता गप बसा."

आम्ही त्यांना वैशालीच्याच दवाखान्यात नेलं. पायाची कातडी घोट्यापासून खाली सोलवटली होती, पण डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाणी घातलं म्हणून खोल गेलं नाही. ड्रेसिंग चालू होतं तेव्हा आतून काकींचा आवाज येत होता. तात्या बाहेर बाकड्यावर बसले होते. त्यांनी दवाखान्यात एकदाही कुठलं औषध आहे, किती दिवसांचं आहे, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं का, यातलं काही विचारलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

थोड्या वेळानं ते उठले. "संजय, गाडी काढ."

"कुठं जायचंय?"

"चल तर."

शकूरभाई नुकतंच शटर वर करून उदबत्ती लावत होते. आम्हाला बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "या तात्या. आज काय? सोलर का गिझर?"

तात्या बसले नाहीत. "गिझर द्या."

"कुठला?"

"कुठला बी."

शकूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी एक खोका खाली काढला आणि सवयीनं सुरुवात केली, "हा घ्यायचा तर एक लक्षात ठेवा, याची कॉईल—"

"नगा सांगू." तात्यांनी हात पुढं केला. "काय बी सांगू नगा. आज बसवून द्या म्हंजी झालं."

त्यांनी खोका उघडून बघितला नाही. किंमत विचारली नाही. पाठीमागची बाजूसुद्धा बघितली नाही. शकूरभाईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी उदबत्ती तशीच जळत ठेवली, शटर खाली ओढलं, फोन करून फिटरला बोलावलं आणि स्वतः खोका स्कूटरवर पुढं घेऊन आमच्या मागोमाग आले. काकी दुपारी घरी आल्या तेव्हा बाथरूमच्या भिंतीवर गिझर होता, त्याचा लाल दिवा लागला होता आणि फिटर सिमेंटचे डाग पुसत होता.

नंतरचे काही दिवस तात्यांच्या घरातून काही ऐकू येत नव्हतं. वैशाली रोज संध्याकाळी ड्रेसिंग बदलायला जायची आणि येऊन मला सांगायची. तात्या स्वयंपाक करतात. भाकरी जमत नाही म्हणून रोज भात. काकींना खुर्चीवर बसवून पायाला प्लास्टिकची पिशवी बांधतात, पाय स्टुलावर ठेवतात आणि स्वतः तांब्यानं पाणी घालतात. घालायच्या आधी प्रत्येक तांब्यात कोपर बुडवून बघतात. प्रत्येक तांब्यात, बरं का. काकी म्हणतात, अहो, एकाच बादलीतलं आहे सगळं. पण ते ऐकत नाहीत. स्वतः मात्र विहिरीवर जाऊन गार पाण्यानं अंघोळ करून येतात.

एका रविवारी मी त्यांना कुंपणापाशी गाठलं. कपडे वाळत घालत होते. लुगड्याचे पदर त्यांना नीट जमत नव्हते.

"तात्या, आता आम्हीपण घेतो म्हणतो. तुमचा कसा आहे?"

"कसा म्हंजी?"

"म्हणजे, कुठला आहे? कॉईल कसली?"

तात्यांनी चिमटा तोंडातून काढला. "मला म्हाईत न्हाय. मी बघितलंच न्हाय." मग ओल्या लुगड्याच्या पलीकडून म्हणाले, "तू जा आन् घिऊन यी. आजच जा. त्या पोरीला पाणी उचलाया लावू नगंस."

मी तसाच गेलो. शकूरभाईंनी माझा गिझर बांधला, पण त्यांचं लक्ष दाराकडं होतं.

"तात्या येत नाहीत?"

"कामात आहेत."

"रोज नऊला शटर उघडतो आणि स्टूल पुसतो," शकूरभाई म्हणाले. "माझा एवढा मोठा धंदा, गिऱ्हाइकं येतात, बोट दाखवतात, घेऊन जातात. कुणी बोलत नाही. शुक्रवारी येतो मी घरी. वहिनींनाही बघून होईल."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ते खरंच आले. पिशवीत खजूर आणि मोसंबी. मी रात्रपाळीला असल्यानं घरीच होतो, त्यामुळं मलाही बोलावणं झालं. काकी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. जखम भरत आली होती. तात्यांनी शकूरभाईंना खुर्ची दिली आणि "च्या टाकतो," म्हणून आत गेले. शकूरभाईंना राहवेना. गिझर नीट चाललाय का बघतो, म्हणून ते बाथरूमकडं गेले.

खोलीत मी आणि काकी. आतून कपाटं उघडण्याझाकण्याचे आवाज येत होते. चहा-साखरेचे डबे सापडत नसावेत.

मी म्हणालो, "काकी, तुम्ही तात्यांना आधीच दामटायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणाला असता तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतला असता."

"घेतला असता की." काकी आवाज खाली आणून बोलायला लागल्या. "पर मीच म्हनलं न्हाय. संजय, तुला म्हाईत न्हाय. काट्यावर होते तवा दिवसभर माणसं ह्यांच्याशी भांडायची. शिव्या बी द्यायची. घरी येऊन जेवताना सगळं सांगायचे मला, आज कोण काय बोललं. रिटायर झाले आन् सगळं बंद. कारखान्यातलं कोण येत न्हाय. लग्नाकार्यात गेलं तर माणसं चेष्टा करत्यात, तात्या आला, काटा मारणारा. म्हणून तिकडं बी जायाचं सोडलं. सहा महिने नुसते भिंतीकडं बघत बसायचे."

आत कपबशी किणकिणली. काकींनी दाराकडं बघितलं, मग पुढं बोलल्या.

"मग ह्यो गिझर निघाला. ती बाटली घिऊन जायाला लागले. संध्याकाळी येऊन सांगाया लागले, शकूरभाई असं म्हनला, मी तसं म्हनलो. पहिल्यासारखं जेवाया लागले. मला वाटलं, ठरला गिझर तर हे उद्या कुठं जातील? म्हणून मी पातेलं उचलत राहिले. चार तांबे पाणी तर न्यायचं असतं."

"आणि पाय भाजला."

"पाय काय, भरून यील." काकींनी पायावरची चादर सारखी केली. "पर तवापासनं दुकानाकडं गेले न्हाईत बघ. माझ्याजवळनं हालत न्हाईत. मी म्हनलं, जावा जरा. तर म्हणतात, आता कशाला जाऊ, घिऊन झालंय."

शकूरभाई आत आले आणि आम्ही बोलणं थांबवलं. तात्या ट्रेमधून चार कप घेऊन आले. चहा इतका गोड होता की ओठ चिकटत होते. शकूरभाईंनी सगळा संपवला आणि म्हणाले, "झकास झालाय." तात्यांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं, नेहमीच्या नजरेनं.

थोडा वेळ पावसापाण्याचं, उसाचं बोलणं झालं. मग शकूरभाई उठले. काकींना म्हणाले, "वहिनी, पाय जपा." तात्या त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. मीही मागून निघालो होतो. शकूरभाईंनी स्कूटर रस्त्यावर घेतली, तरी तात्या फाटकाच्या दांड्याला धरून उभेच.

"शकूरभाई."

"बोला."

आयुष्यभर समोरच्याला धारेवर धरणारा हा माणूस, लग्न ठरलेल्या पोरासारखा दांड्यावरचा रंग नखानं उकरत होता.

"आता घ्यायचं तर काय राहिलं न्हाय मला," ते म्हणाले. "तरी नुसतं बसाया आलो, तर चालंल का?"

शकूरभाईंनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.

"तात्या," ते म्हणाले, "घ्यायचं तुम्हाला आधी तरी कुठं होतं?"

तात्या आधी चमकले. मग हसले. आवाज न करता, खांदे हलवत. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आमच्याकडं पाठ केली.

"हिचा पाय बरा झाला की येतो," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "तवर न्हाय जमायचं."

आणि ते घाईघाईनं आत गेले. काकींच्या गोळीची वेळ झाली होती.